अंतिम मोजणी

डिसेंबरात पाच अर्ज केले.
पहिल्याच रकान्यात अडले:
नाव, ज्या नावानं हाक मारलेली आवडेल ते.
दैवशाला.
गल्लीत दैवे, कंपनीत मॅडम.
आवडतं का, हे कुणी पुसलंच नव्हतं आजवर.

दिवसा मी जालन्यात, एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत
सरकीचे दाणे मोजते.
ओल्या कागदावर शंभर, असे चार शंभर,
गुंडाळी करून पंचवीस अंशांवर उभी ठेवायची.
पहिली मोजणी चौथ्या दिवशी, अंतिम बाराव्या.
बाराव्या दिवशी बारसं असतं, आणि बारावंही.
कलीमभाई म्हणतात, तुमच्यात सगळं एकाच तारखेला.

हे सगळं मी उद्देशपत्रात लिहिलं होतं:
बी, ओल, अंधार, वाट बघणं.
घनसावंत सर म्हणाले, काढ ते.
त्यांना वाटेल, मराठवाड्यातली पोरगी
म्हणजे बियाचंच बोलणार.
काढलं.
मग पानावर उरलं काय, तर
मी लहानपणापासून लिहिते,
जे सगळेच लिहितात.

गोष्टीची वीस पानं, इंग्रजीत, माझी मीच केलेली.
अकराव्या पानावर वाफसा आला.
म्हणजे तो शब्द.
माती ओलीही नाही, कोरडीही नाही,
मुठीत धरली तर गोळा होतो,
सोडली तर फुटतो,
तेवढ्या वेळेला म्हणतात तो.
एवढं सगळं इंग्रजीत लिहीपर्यंत
माझ्या गोष्टीतली बाई तिफण धरून उभीच राहिली,
आणि वाक्य संपलं तेव्हा
वाफसा निघून गेला होता.

वडील वजनकाट्यावर असतात,
स्टील मिलच्या भंगाराचे ट्रक तोलतात.
भरलेला वजा रिकामा, एवढाच हिशेब.
म्हणाले, गोष्टी लिहायला शिकवतात ना तिथं?
मग अगोदरच लिहिलेल्या कशाला मागतात?
मला उत्तर आलं नाही.
एका अर्जाची फी सहा हजार.
दोन ठिकाणी माफ करा म्हणून पत्र लिहिलं.
ते पत्र, खरं सांगते, गोष्टीपेक्षा चांगलं झालं.

फेब्रुवारीत एक नकार, शुक्रवारी.
फार अर्ज आले, फार चांगले आले, तुम्हाला शुभेच्छा.
मार्चात दुसरा. मजकूर तोच,
फक्त शुभेच्छा आधी.
तिसऱ्यांनी प्रतीक्षायादीत घातलं.
त्याला आमच्या रजिस्टरात रकाना आहे:
कठीण बी.
मेलेलं नाही, नुसतं
पाणीच पीत नाही अजून.
(सर, माफ करा. एकदाच.)

माय विचारते, कव्हा लागतो गं निकाल?
दहावीसारखा, एकाच दिवशी, सगळ्यांचा.
मी म्हणते, तिकडं दिवस असतो तव्हा.
म्हणजे आपल्या रात्री.

आणि आपल्या रात्री येतं ते पाणी,
दहाव्या नाही तर बाराव्या दिवशी, दीड-दोनला.
गल्ली सगळी जागी, मोटारींची घरघर,
कुणाचं तरी लेकरू पायरीवर बसून पेंगतंय.
आज पाईपातून आधी हवा आली, खोकल्यासारखी,
मग गढूळ, मग बरं.
तिसरं पिंप भरताना ओट्यावर फोन थरथरला.
चौथ्या विद्यापीठाचं नाव, खाली अर्धीच ओळ:
तुमच्या अर्जाबाबतचा निर्णय

अंगठा ठेवला. ओला. ओळखला नाही.
ड्रेसला पुसून ठेवला. नाही.
रेशनच्या दुकानात मायचा असाच उठत नाही;
मग ती पदराला घासते, फुंकर घालते,
आणि दुकानदाराकडं बघून हसते,
जसा काही तिचाच गुन्हा.
मी फुंकर घातली.
पिंप वाहायला लागलं.
आधी भरून घे, माय म्हणाली,
ते कुठं चाललंय, लिहिलेलंच आहे ना.

मी पाईप उचलून चौथ्यात टाकला.