टाकी भरून ठेवण्याविषयी

ऑक्टोबर. गिमलीच्या बंदरात
मासेमारीच्या बोटी वर ओढून उलट्या घातल्यात,
आणि आमच्या शेडच्या दारात
अकरा जेट स्की, ट्रेलरवर,
शेपटीतून अजून सरोवर गळतंय.

थोर्डिस म्हणते,
पाण्यावर पळणाऱ्या यंत्राला
धाक फक्त पाण्याचा.
मग स्वतःच हसते. हे वाक्य ती
दर गिऱ्हाइकाला ऐकवते,
मला तर सतराव्या वर्षीच पाठ झालंय.

जुलैत पाव्लिशिन आला होता, लालबुंद.
किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर इंजिन
दोनदा खोकलं आणि गप्प झालं.
मागे मुलगी, लेस्या, नऊ वर्षांची.
उत्तरेचा वारा. आमचं सरोवर उथळ,
त्याच्या लाटा आखूड, उभ्या,
श्वास घ्यायला वेळ न देणाऱ्या.
चार तासांनी कुणा कोळ्यानं
जाळं अर्धवट टाकून ओढत आणलं.
‘महागातलं पेट्रोल घालतो मी,’ तो म्हणाला, ‘महागातलं!’

थोर्डिस काही बोलली नाही.
नळी टाकीच्या तळाला टेकवली,
हातपंपानं उपसलं ते
रुबार्ब-जॅमच्या रिकाम्या बरणीत घेतलं,
बरणी खिडकीत ठेवली
आणि कॉफी करायला गेली.

आम्ही दोघं बघत राहिलो.
आधी सगळं गढूळ, भांडण झालेल्या घरासारखं.
मग पिवळं पिवळं वर सरकलं,
तळाशी दोन बोटं काहीतरी बसलं,
आणि मध्ये एक रेघ आली,
पट्टीनं ओढावी तशी.

‘हे शिरलं कुठून?’
‘हिवाळाभर टाकी अर्धी होती ना?
उरलेल्या अर्ध्यात हवा राहायला आली.
दिवसा फुगते, रात्री आक्रसते,
टाकीच्या भिंतींना घाम फुटतो, घाम खाली उतरतो.
पेट्रोलातला मक्याचा अल्कोहोल तो पीत बसतो,
आणि एक दिवस पोट भरलं
की दोघं गळ्यात गळे घालून तळाला.
इंजिन पहिला घोट तळाचाच घेतं.’

पाव्लिशिनच्या हातात लेस्याचं लाइफ जॅकेट होतं.
त्याचा पट्टा तो बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता.
‘चाळीस डॉलर वाचवले होते मी,’
तो बरणीला म्हणाला.

आता मी झाकणं तपासतो.
रबरी कडी नखानं दाबून बघायची,
चीर दिसली की फेकायची, किंमत विचारायची नाही.
झाकण उघडण्याआधी भोवतालचं पुसायचं
कोरड्या फडक्यानं;
कोरडं म्हणजे थोर्डिसच्या गालाला लावून कोरडं.
कॅनमधला शेवटचा पेलाभर ओतायचा नाही,
तो कॅनलाच लखलाभ.
औषध आधी, पेट्रोल मग, गळ्याच्या चार बोटं खाली,
कारण उन्हात पेट्रोललाही हातपाय पसरायचे असतात.
मग पाइप लावून पाच मिनिटं इंजिन चालू,
म्हणजे औषध शेवटच्या नळीपर्यंत पोचतं.
हे सगळं ती सांगते तेव्हा कंटाळा येतो.
मी पुढच्याला सांगतो तेव्हा
माझा आवाज तिच्यासारखा होतो,
तेही आवडत नाही.

शेवटची पिवळी, पाव्लिशिनची.
टाकी काठोकाठ भरा, असं त्यानं
बिलाच्या मागे लिहून दिलंय, खाली दोन रेघा.
सीटखाली लेस्याची केसांची क्लिप सापडली.
ती मी पाकिटात घालून वर नाव लिहिलं.

नरसाळं लावलं, आणि तेव्हाच
शेडच्या उघड्या दारातून
वर्षातला पहिला बर्फ आत आला,
वाट चुकल्यासारखा, तिरका.
थोर्डिसनं नरसाळं काढून माझ्या हातात दिलं,
टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला.
हाताच्या पाठीवर कण पडत होते,
विरघळत होते,
मनगटाकडे ओघळत होते.

‘दार लाव,’ ती म्हणाली,
‘मी इथे आहे.’