शुद्धिपत्र

हेडी फ्रीसनचं पहिलं पुस्तक
माझ्या गॅरेजात छापलं, विनिपेगमध्ये,
फेब्रुवारीत, उणे एकतीसला.
शाई गोठायची. डबा आम्ही
हीटरवर ठेवायचो, बीटच्या सूपाशेजारी.
प्रती दोनशे. कविता बावीस.
पैसे तिचेच. दिवसा ती
धान्याच्या कचेरीत गव्हातला ओलावा मोजायची,
रात्री इतरांच्या कवितांतला.

एका परीक्षणाचे पंधरा डॉलर
देणारं एक साप्ताहिक होतं.
त्यात तिनं एल्डन गुडमन्सनवर लिहिलं.
गुडमन्सन, गिम्लीच्या कोळ्याचा मुलगा,
एकाच सरोवरावर सात पुस्तकं.
शाळेत आम्हाला तो पाठ होता.
तिनं लिहिलं: "कडक इस्त्रीच्या कविता.
खिसे तपासले. आत कोणी नाही."
शहरात असलं वाचणारे तीसेक जण,
तीसही हसले.
मी तर कात्रण फ्रिजवर लावलं.
सव्वीस वर्षांची होती ती.
खरं बोलणं आणि जोरात बोलणं
यांतलं अंतर मोजायचं यंत्र
धान्याच्या कचेरीतही नव्हतं.

प्रकाशन चर्चच्या तळघरात.
अकरा माणसं, त्यातला एक चावीवाला.
दुसरी कविता चालू होती, दार उघडलं,
थंडीचा लोट आला, मागून गुडमन्सन.
त्यानं बूट काढले.
मोज्याला भोक, अंगठा बाहेर.
तसाच शेवटच्या खुर्चीत बसला,
केसाळ टोपी मांडीवर, मांजरासारखी.
हेडीचा आवाज एक पायरी घसरला,
मग सावरला.
कविता बाबांवरची होती.

नंतर त्यानं दोन प्रती घेतल्या, सुट्या नाण्यांत.
सतरावं पान उघडून म्हणाला,
"इथं छापलंय, बाबा गेले नाहीत.
तू वाचलंस, बाबा गेले, नाहीत.
स्वल्पविराम पडलाय, की तूच काढलास?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.
परीक्षणाबद्दल अवाक्षर नाही.
बूट चढवायला त्याला फार वेळ लागला
आणि आम्ही सगळे
खुर्च्या आवरायचं सोडून बघत राहिलो.

चूक माझी. खिळे मीच जुळवले होते.
रातोरात दोनशे चिठ्ठ्या छापल्या,
पान सतरा, ओळ नऊ.
तिनं चाळीस चिकटवल्या,
बोटं गोंदानं पांढरी.
मग थांबली. म्हणाली, राहू दे.
का, ते मी विचारलं नाही.

आता ती टोरांटोत शिकवते, बक्षिसं ठरवते,
नवी पोरं तिच्या लेखणीला टरकून असतात.
सुरुवातीचे दिवस कसे होते, असं कोणी विचारलं
की दोन वाक्यांत उरकते.
गुडमन्सन वारला तेव्हा मात्र
मध्यरात्री फोन आला:
"त्याच्या मोज्याला भोक होतं ना,
की ते मी रचलंय?"
"होतं," मी म्हटलं. "डाव्या."
बराच वेळ फोनवर नुसता श्वास.

गॅरेजात बिस्किटांचा एक डबा आहे.
आत एकशे साठ चिठ्ठ्या,
प्रत्येकीवर एक स्वल्पविराम,
आणि प्रत्येकीत तिचे बाबा गेलेले.