दोन मुहूर्तांमधला रविवार

म्हात्रे पुलाच्या अलीकडचं लॉन.
कालचं लग्न आटोपलेलं, आजचं रिसेप्शन संध्याकाळी,
मधले सहा तास मालकानं फुकट दिले
आमच्या मुलांच्या मेळ्याला.
कमानीवर थर्माकोलची अक्षरं तशीच,
वधूचं नाव गळून पडलेलं, वराचं एका टाचणीवर लोंबतंय.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय:
व्हीलचेअर डावीकडून. फळी हलते, दोघांनी धरा.

मी रजा टाकून आलोय.
एकोणीस वर्षं पीएमटीत कंडक्टर,
कुठेही गेलो की आधी डोकी मोजतो.
इथं हिशेब लागेना.
चौदा वर्षांचा एक आईच्या कडेवर,
एक टेबलाखाली, बाहेर यायला तयार नाही,
आणि एक नुसता गोल फिरतोय,
तो तीनदा मोजला गेला.

स्वरांगी. नाव तिच्या आत्यानं ठेवलं,
बारशाच्या दिवशी कुणाला काय माहीत.
अकरा वर्षांत शब्द एकही नाही.
किंकाळी आहे मात्र,
उतारावर जुन्या गाडीनं ब्रेक मारावा तशी.
ती आली की मी आपोआप म्हणतो, 'सॉरी हां.'
दवाखान्यात, देवळात, जिन्यात,
एकदा तर घरात कुणी नसताना
भिंतीला.

आज जिलबीच्या टेबलापाशी ओरडली.
माझ्या तोंडात सॉरी तयार.
कुणी वळलंच नाही.
पाठमोरी माणसं पाठमोरीच राहिली,
झाऱ्या हातात घेतलेल्या नसरीनभाभी म्हणाल्या,
'गरम हवीय का तिला?'
तो शब्द मग तोंडातच राहिला,
सुपारीच्या खांडासारखा, या गालातून त्या गालात.

आणि खोटं कशाला बोलू,
पाच मिनिटांत मी स्वतः वळून पाहिलं.
मिसरूड फुटलेला मुलगा, गळ्यात लाळेरं,
खुर्चीला पट्ट्यांनी आवळलेला.
बघत राहिलो. बसमधले लोक बघतात, तसाच.
त्याचे वडील म्हणाले,
'बघा की. आवडतं त्याला.
फक्त लांबून नको, जवळ या.'

स्वरांगीच्या गळ्यात माझा जुना पंच असतो.
तिकिटाची मशिनं आली तेव्हा डेपोत जमा करायचा होता,
मी हरवला म्हणालो, दंड भरला.
कालच्या तोरणातलं आंब्याचं पान तिनं तोडलं,
टिक्.
समोरच्या मुलीला दिलं.
आणखी एक पान. टिक्.
असा स्टॉल कुणी ठरवलेला नव्हता, पत्रिकेतही नव्हता,
पण रांग लागली.
दोघांना ऐकू येत नव्हतं,
ते तिच्या मुठीवर तळवा ठेवून टिक् घेऊन गेले.
पांढऱ्या काठीचा पोरगा भोकातून करंगळी फिरवत म्हणाला,
'हे कुठपर्यंतचं?'
मी म्हणालो, 'कात्रज.'
'मला हडपसर पायजे.'
तिनं त्याचं पान ओढून घेतलं, दुसरं भोक पाडलं.
मी सवयीनं ओरडलो, 'पुढे सरका, पुढे सरका,'
आणि टेबलाखालचा तो,
तेवढ्यासाठी बाहेर आला.

साडेचारला निशिगंधाचा टेम्पो आला.
खुर्च्यांना पांढरे झगे चढू लागले,
कुणीतरी सनईची रेकॉर्ड लावून आवाज तपासत होता.
गवतावर भोकं पडलेली पानं.
झाडणारी बाई एक उचलून उजेडात धरून बघत होती.

आम्ही निघालो. कमानीपाशी
अत्तरदाणी घेतलेला पोऱ्या नवा असावा,
वेळेआधी आलेले पाहुणे समजला,
वाकून म्हणाला, 'या, या. कुणाकडचे आपण?'
बायको माझ्या तोंडाकडे बघायला लागली.
स्वरांगीनं त्याच्या हातात पान ठेवलं.
मी म्हणालो,
'मुलीकडचे.'