साडेदहा ते एक

पहिली बेल झाली तशी संघमित्रानं
पोरीला माझ्या कडेवर दिलं.
घड्याळ, कानातलं, ओढणीची पिन, सगळं माझ्या खिशात,
आणि गेली फाटकातून आत, मागं न बघता.
बघितलं असतं तर विशू रडली असती.
विशू तरी रडलीच.

परभणीत अडीच तास लेकरू घेऊन
माणसानं जावं कुठं?
चहावाला म्हणाला, शाळेमागं बाग हाय, पाखरं हायेत.
मोठ्याला पाच रुपये. लेकराला फुकट.
तरी तिकीटवाल्यानं तिच्यासाठी एक कोरं तिकीट फाडलं
आणि ती रडायची थांबली.

पाटीवर राजहंस. आत दोन बदकं.
पाटीवर मोर. मोर आतल्या खोलीत,
शेपटीचं टोक तेवढं बाहेर,
कुणी झाडू विसरून गेल्यासारखं.
लव्ह बर्ड मात्र खरेच होते, पंधरा-वीस,
स्टँडात गाडी लागल्यावर होतो तसला कालवा.

मी शिकवायला लागलो.
हे बघ, पोपट. म्हण, पोपट.
विशू म्हणाली, ताला.
हे बघ, कबुतर.
ताला.
प्रत्येक जाळीला एक कुलूप, खालच्या कडीला, बरोबर तिच्या उंचीवर.
सगळ्यांना तिनं हात लावला.
सगळे गार. एक उन्हातला, तो कोमट.
त्याच्याकडं दोनदा परत गेली.

शेवटच्या जाळीत इमू.
एकटाच. कडब्याच्या गंजीला मान फुटावी तसा.
महेबूब चाचा पाइपनं हौद भरायले होते.
म्हणाले, "कुणाचा तरी फारम होता, बसला.
पाखरं विकली, वाटली, हे एक उरलं.
रात्रीतून फाटकाला बांधून गेले, सुतळीनं."
मग पाइप दुसऱ्या हातात घेत म्हणाले,
"ह्यांच्यात अंडी नर उबवतो, बरं का.
दोन महिने उठत नाही. खाणं नाही, पिणं नाही.
मादी जाते निघून."
"कुठं जाते?"
"जाते आपल्या कामाला."

मी घड्याळ बघितलं, तिचंच, खिशातून काढून.
अकरा वाजून पाच.

इमूनं मान खाली आणली, विशूच्या तोंडासमोर.
तांबूस डोळा. त्यावरनं एक पडदा आडवा सरकला.
विशूनं डोळे मिटले, उघडले.
तो पुन्हा. ती पुन्हा.
त्या बोलण्यात मला जागा नव्हती.
मी डायपरची पिशवी धरून उभा.

रस्त्यानं जिनिंगकडं कापसाचा ट्रक गेला,
ताडपत्रीतून सांडत, उडवत.
एक झुबका येऊन जाळीला अडकला.
विशूनं तो ओढून काढला.
इमूकडं बघितलं. मुठीत बघितलं.
पुन्हा इमूकडं.
मग खात्री पटल्यासारखी मूठ मिटली.
मी कापूस म्हणायला तोंड उघडलं होतं.
मीही मिटलं.

लिंबाखाली बाकडं होतं, एक फळी नसलेलं.
ती खांद्यावर झोपली. हात अवघडला,
मी बदलला नाही.
हा तिसऱ्यांदा पेपर. मागच्या वेळी विशू पोटात होती,
दोन मार्कांनी गेला.
तेव्हा संघमित्रा म्हणाली होती, दोघींनी दिला, एकेक कमी पडला.
हसली होती. मग बरेच दिवस
त्या विषयावर कुणी हसलं नाही.

एकची बेल.
बाया बाहेर आल्या, उन्हाला डोळे बारीक करत.
ती आली. बोटाला निळी शाई.
विचारायचं नाही असं ठरलेलं. नाही विचारलं.
"रडली का लई?"
"नाही," मी म्हणालो, "बसून होतो."

झोपेतल्या मुठीचं तिनं एकेक बोट हळूच उलगडलं.
आत घामानं मळलेलं, चपटं, पांढरट काहीतरी.
"हे काय?"
"पीस," मी म्हणालो. "इमूचं."

ती कापूस वेचत वाढलेली बाई.
माझ्याकडं बघितलं, थोडा वेळ.
मग हॉलतिकीट उलगडून त्याच्या घडीत ते ठेवलं
आणि हात पुढं केला :
कानातलं दे.