दोन क्लिक सैल

उद्यमनगरात, शेडच्या मागच्या अंगाला
गाडी चार घोड्यांवर. चाकं भिंतीला टेकवलेली.
इलाही मिस्त्रीनं जुनं शॉकअप हातात तोललं,
तेलानं घामेजलेलं.
"ह्यानं लई सोसलंय. भंगारात टाकू नका."

नव्या पिवळ्या स्प्रिंगा. गाडी दोन बोटं खाली.
बुश त्यानं शेजारच्या लेथवर स्वतः उतरवले,
सुताचा फरक, तोही त्याला खपला नाही.
मला एकच हवं होतं: वळणात गाडी झुकू नये.
"दगड करा," मी म्हटलं.
त्यानं केला.

पन्हाळ्याच्या चढाला, पहाटे साडेपाचला,
तिसऱ्या वळणावर आतलं चाक उचललं.
क्षणभर स्टिअरिंग म्हणजे हातातलं रिकामं ताट.
धुक्यात कठड्याचा पांढरा रंग
फार जवळ.

शेजारी मिस्त्री. ओरडला नाही.
वर पोचल्यावर उतरला, गुडघा टेकला,
मागच्या नॉबा चाचपून
दोन क्लिक सैल.
"टायरला रस्ता चावायला येळ पायजे," एवढंच.

उतरताना तेच वळण.
गाडी जराशी कलली,
आणि तेल पाजलेल्या चपलेत पाय बसावा
तशी बसली.
मी बघितलं त्याच्याकडे. तो झोपलेला,
किंवा तसं दाखवत होता.

राजारामपुरीत, नवव्या गल्लीच्या तोंडाशी
गतिरोधकावर पोट घासलं. खर्रर्र.
"हे मात्र," डोळे न उघडता तो म्हणाला,
"म्हापालिकेला सांगा."