शेवटची साइज

इंजिन किलोवर मिळालं, कामठी रोडला,
मिलिटरीच्या निकामी गाड्यांच्या गल्लीत.
काट्यावर लोखंडासोबत चार-पाच किलो
कुणाच्यातरी वाटेवरचा चिखल.
चिखलाचेही पैसे दिले.

माझ्या वनटनचं आधीचं फुटलं होतं
पेंचच्या अलीकडे, चढावर.
तिसरा रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला,
मोडल्या हातातून हाड यावं तसा.
तेव्हापासून ट्रक अंगणात, निंबाखाली,
बॉनेटखाली नुसती पोकळी.
तिथं मांजर व्याली. पिलं मोठी होऊन निघूनही गेली.

"रिटायर झाल्या न जी तुम्ही?" शेजारच्या कुमुदिनीबाई.
झाले. बत्तीस वर्षं हिंगण्याला, एसटीच्या वर्कशॉपात.
बाईंना परात दाखवली, लग्नातली,
तिच्यात डिझेल, डिझेलात सहा पिस्टन.
त्या बराच वेळ परातीकडेच पाहत राहिल्या.

मे महिना. नऊ वाजले की पाना चावतो.
म्हणून पहाटे चार ते आठ,
कूलरच्या टाकीत पाणी ठिबकतं
तेवढ्याच आवाजात नट सोडायचे.
वॉटर जॅकेटमधून माती निघाली, लाल.
ही आपल्याकडची नाही.
आपली काळी, धरली की सोडत नाही;
ही बोटावर हळदीसारखी बसली, फुंकरीनं उडाली.

रॉडच्या कॅपांवर पंचचे ठिपके होते.
पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन,
तिसऱ्यावर चार.
चौथा ठिपका कानशीनं घासलेला,
तरी नखाला लागतो.
मोजता मोजता कुणी हाक मारली असेल त्याला,
जेवायला, किंवा साहेबानं.
मी तो पुसला नाही.

क्रँक रिक्षात घालून पाचपावलीला नेला.
सोनकुसरेच्या खोलीत आधी बापाचा माग होता,
पाय सोडून बसायचा खड्डा अजून आहे,
त्यावर फळ्या, फळ्यांवर लेथ.
त्यानं मायक्रोमीटर चारदा फिरवला,
चष्मा कपाळावर नेला.
"तीस अगोदरच मारलं हाये कोणीतरी, ताई.
आता चाळीस. त्याच्यापुढं बेअरिंगच येत नाई.
शेवटची साइज."

धंतोलीच्या डॉक्टरनं माझ्या गुडघ्याचा फोटो
उजेडात धरून असंच तोंड केलं होतं.

शाफ्ट दर खेपेला बारीक होतो,
भोक दर खेपेला मोठं,
आणि आम्ही त्याला दुरुस्ती म्हणतो.
"मारा चाळीस," म्हटलं.
पाण्यासारखा पांढरा कीस पडत राहिला
फळ्यांच्या फटीतून खाली,
जिथं त्याच्या बापाचे पाय असायचे.

जुळवायला अकरा पहाटा लागल्या.
रिंगांच्या फटी मोजल्या, एक जास्तच वाटली,
दुपारभर झोप नाही, पुन्हा मोजली, बरोबर होती.
हेडचे बोल्ट मधून बाहेर, मधून बाहेर,
टॉर्क पान्याची टकटक ऐकून
निंबावरचा तांबट गप्प बसला.
गुडघा दोनदा अडकला. ट्रकला धरून उठले.

बाराव्या दिवशी बॅटरी जोडली, स्टार्टर दाबला.
कार्बुरेटरमधून असा बार निघाला
की गल्लीतली कुत्री थेट रिंग रोडपर्यंत.
डिस्ट्रिब्युटर उलटा बसवला होता.
बत्तीस वर्षं, आणि उलटा.
कुमुदिनीबाई कुंपणापाशी. हसल्या नाहीत, हे उपकार.
तो चार ठिपकेवाला मात्र हसला असता,
मीही हसले.

काढला, अर्धा फेरा फिरवला, बसवला.

आधी खोकला. मग निळा धूर, नव्या रिंगांचा,
मग एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
एक-पाच-तीन-सहा-दोन-चार,
आणि परातीतलं डिझेल
बारीक वलयांनी थरथरायला लागलं.

"आता कुठं नेता जी हिले?"
आधी पेंचच्या चढावर, म्हटलं. फुटलं होतं तिथं.
"मंग?"
मग उतार.

बाई येऊन बसल्या माझ्या शेजारी, पायरीवर,
एक टॅपेट वाजत होता, बहुतेक चौथा.
उद्या पाहू.