तिसऱ्या गटाला मिठाचं पाणी

ओहोटीला भाट्याची खाडी उघडी पडते
आणि काळ्या गाळाचा वास, कुजक्या अंड्यासारखा,
प्रयोगशाळेच्या जाळीतून आत येतो.
आमच्या बरणीलाही तोच वास.
झाकण घट्ट, आत हवेचा टिपूस नाही,
आणि त्यात सुखाने वाढणारे ते,
ज्यांना वाऱ्याची झुळूक म्हणजे मरण.

आले हरचंद डोर्लेकरच्या टाचेतून.
शिंगाळ्याचा काटा रुतला, वरून जखम मिटली,
आत पू साचत गेला. डॉक्टरांनी फाडला तेव्हा
अर्धी वाटी निघाला.
"जेटीवर सगल्यांचेच पाय असं होतात," म्हणाला,
"एकच गोली सांगा. दोन दोन घ्यायची ऐपत नाय."

म्हणून उंदीर. छत्तीस.
एका गटाला जुनं औषध,
जे घेतलं की माणसाच्या जिभेला पत्र्याची चव येते.
उंदीर काही सांगत नाहीत.
दुसऱ्याला नवं, महागडं, बर्फात घालून आलेलं.
तिसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी.
सुया सारख्या, बाटल्या सारख्या,
कुठला पिंजरा कुठला ते पाकिटात,
पाकीट सरांच्या कपाटात.

तिसऱ्या दिवशी भुसा बदलताना
रज्जाक सोलकर म्हणाला,
"बाय, ह्यांना कायच देत नाय ना तुमी?"
मला माहीत नव्हतं.
मला माहीत होतं.
मी कॅलिपर पुसत राहिले.
पाठीवरची गाठ: नऊ मिलिमीटर, अकरा, साडेअकरा.

आठव्या दिवशी मोजणी.
आत किती उरले ते बाहेरून कळत नाही,
उघडून बघावं लागतं.
बरे झालेलेही.
हे हरचंदला सांगितलं नाही मी.

सत्तावीस नंबर, पाकीट फोडल्यावर कळलं, तिसऱ्या गटातला.
त्याची गाठ आपली आपणच सुकली होती.
त्या सकाळी शेंगदाणा दोन्ही हातांत धरून
मिशा हलवत बसला होता.
तक्त्यात त्याच्यापुढे एक चांदणी
आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत
दीड ओळ.

जुन्यानव्यात फरक असा निघाला नाही.
हरचंदच्या चिठ्ठीवर मी जुन्याचं नाव लिहिलं,
मोठ्या अक्षरांत, जेटीवर वाचता येईल असं.

संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं.
रज्जाकने खाडीवरून दोन बादल्या भरून आणल्या
आणि रिकामे पिंजरे घासायला बसला.
खाऱ्या पाण्याने गंजतील रे, मी म्हटलं.
"गंजूं देत," म्हणाला,
वर न बघता.